स्वतंत्र संगीत लेबलची स्थापना (भारतातील कायदेशीर प्रक्रिया)

स्वतंत्र संगीत लेबल म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या मालकीबाहेर राहून गाण्यांची निर्मिती, प्रकाशन आणि विक्री करणारी संस्था. ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर कंपनीचे नाव छापलेले असे. त्या कागदावरूनच ‘लेबल’ हा शब्द संस्थेसाठी रूढ झाला. मराठीत पूर्वी ‘रेकॉर्ड कंपनी’ आणि नंतर ‘कॅसेट कंपनी’ हे शब्द अधिक प्रचलित होते. आता ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिफिती मागे पडल्या आहेत. एक खोली, संगणक आणि ध्वनिग्राहक एवढ्या सामग्रीवरही लेबल सुरू करता येते.

भारतात संगीत लेबल सुरू करण्यासाठी ‘लेबलचा परवाना’ अशा नावाचा वेगळा सरकारी परवाना घ्यावा लागत नाही. व्यवसायाची नोंदणी, नावाचे संरक्षण, कलावंतांशी लेखी करार, प्रकाशनासंबंधीच्या कायदेशीर अटी आणि करविषयक पूर्तता यांतून लेबलचे कायदेशीर अस्तित्व घडते. यांपैकी व्यवसायनोंदणीकडे नवउद्योजकांचे लक्ष सर्वप्रथम जाते. लेबलची खरी मालमत्ता मात्र करारांतून निर्माण होते. कंपनी रीतसर नोंदलेली आहे, पण संगीतकाराने सही केलेला कागद नाही, अशा स्थितीत त्या चालीवर कंपनीचा कोणताही मालकी हक्क नसतो.

एका गाण्यातील अनेक हक्क

प्रताधिकार अधिनियम, १९५७ हा या विषयाचा मूळ कायदा आहे. त्याच्या दृष्टीने गाणे ही एकच एक वस्तू नाही. गीताचे शब्द ही ‘साहित्यकृती’ असून तिचा पहिला मालक गीतकार असतो. चाल ही ‘संगीतकृती’ असून तिचा पहिला मालक संगीतकार असतो. कायद्यातील संगीतकृतीच्या व्याख्येतून गायिले जाणारे शब्द स्पष्टपणे वगळले आहेत. त्या शब्दांचे व चालीचे गायन-वादन हा ‘प्रयोग’ ठरतो आणि त्यावर गायक-वादकांना प्रयोगकर्त्याचे हक्क मिळतात. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही चौथी, स्वतंत्र कृती आहे. ते करण्यासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता तिचा कर्ता मानला जातो. गाण्याचे चित्रीकरण केल्यास पाचवी कृती निर्माण होते आणि तिला चित्रपटकृतीचे नियम लागू होतात.

लेबलने स्टुडिओचे भाडे भरले, वादकांचे मानधन दिले आणि ध्वनिमुद्रण आपल्या पुढाकाराने केले, तर ध्वनिमुद्रणाची मालकी सामान्यतः लेबलकडे येते. शब्दांची आणि चालीची मालकी त्याबरोबर आपोआप येत नाही. ‘पैसे आम्ही दिले, म्हणून गाणे आमचे’ हा समज चित्रपटेतर संगीताच्या बाबतीत विशेष घातक ठरतो. संगीतकार लेबलचा पगारी नोकर असून त्याने नोकरीचा भाग म्हणून चाल बांधली असेल, तर विरुद्ध करार नसल्यास लेबल पहिला मालक ठरू शकते. छोट्या लेबलांत अशी नोकरी क्वचितच असते.

चित्रपटसंगीतात परिस्थिती दीर्घकाळ निराळी होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात निर्णय दिला. चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माता ठरतो, असा त्याचा आशय होता. त्यानंतरची कित्येक वर्षे गीतकार व संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क लिहून देत राहिले. गाणे कितीही चालले तरी पुढील उत्पन्नात त्यांना वाटा मिळत नसे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालाला जोडलेल्या मतात गायकांनाही कायद्याचे संरक्षण नसल्याकडे लक्ष वेधले होते. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यांचे हक्क कायद्यात आले. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ज्याचा आग्रहाने पुरस्कार केला, तो २०१२ चा सुधारणा कायदा २१ जून २०१२ पासून अमलात आला. आजच्या लेबलचे करार या सुधारणेच्या चौकटीतच करावे लागतात.

व्यवसायाचे स्वरूप

लेबल एकल मालकी, भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा कंपनी यांपैकी कोणत्याही स्वरूपात चालवता येते. एकल मालकी सर्वांत सोपी आहे, मात्र तीत व्यवसायाचे कर्ज आणि मालकाची खासगी मालमत्ता यांत भेद राहत नाही. प्रताधिकारभंगाचा दावा उभा राहिल्यास त्याची झळ घरापर्यंत पोहोचू शकते.

मित्रमंडळींनी मिळून काढलेल्या लेबलांत भागीदारी आढळते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. परंतु कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. वितरकाने पैसे थकवले, तर ही उणीव पहिल्याच तारखेला उघडी पडते. मर्यादित दायित्व भागीदारीला २००८ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. तिला किमान दोन भागीदार लागतात आणि भागीदारांचे दायित्व सामान्यतः त्यांच्या गुंतवणुकीपुरते असते. खासगी कंपनीसाठी कंपनी अधिनियम, २०१३ नुसार किमान दोन भागधारक व दोन संचालक लागतात. एकट्या व्यक्तीला ‘एकव्यक्ती कंपनी’ काढता येते. कंपनीला लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे अटळ असल्याने अगदी छोट्या लेबलला तो खर्च जड जातो.

महाराष्ट्रात कार्यालय असल्यास २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली, कामगारसंख्येनुसार, नोंदणी करावी लागते किंवा केवळ सूचना द्यावी लागते. व्यवसायकराची नोंदणीही लागते. सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ संकेतस्थळावर करायची नोंदणी निःशुल्क आणि ऐच्छिक आहे.

नाव आणि व्यापारचिन्ह

कंपनी निबंधकाने नाव मंजूर केले म्हणजे त्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळाला, असे होत नाही. या दोन नोंदवह्या वेगळ्या आहेत. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली लेबलचे नाव व बोधचिन्ह यांसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. ध्वनिमुद्रित आणि उतरवून घेता येणाऱ्या संगीतासाठी वर्ग ९, तर संगीतनिर्मिती व मनोरंजन सेवांसाठी वर्ग ४१ हे वर्ग सामान्यतः निवडले जातात. व्यक्ती, नवउद्यम आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. परीक्षणानंतर चिन्ह व्यापारचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध होते आणि चार महिन्यांच्या आत कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे वारंवार नूतनीकरण करता येते.

अर्ज करण्यापूर्वी नोंदवहीत शोध घेणे आवश्यक असते. हा शोध विनामूल्य घेता येतो. ‘स्वर’, ‘सूर’, ‘नाद’ यांसारखे शब्द संगीतव्यवसायात इतके सर्रास वापरले जातात की केवळ त्यांवर उभ्या असलेल्या नावाला भक्कम संरक्षण मिळणे अवघड असते. नोंदणी होण्यापूर्वी नावापुढे वर्तुळांकित ‘आर’ हे चिन्ह लावण्यास कायद्याने मनाई आहे. तोवर ‘टीएम’ ही अक्षरे वापरता येतात.

कलावंतांशी करार

मराठी संगीतव्यवहारात शब्दावर चालण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यातून चांगली गाणीही निर्माण झाली आहेत. प्रताधिकाराचे हस्तांतरण मात्र तोंडी होऊ शकत नाही. अधिनियमाच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी लागते. करारात कृती कोणती, कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला वा रॉयल्टी किती, यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरले जाते. गाणे इंटरनेटवर प्रकाशित झाल्याक्षणी ते दुबई, लंडन वा न्यू जर्सीतील मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रदेशाविषयीचे मौन लेबलच्या गैरसोयीचे असते. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळी तरतूद नसेल, तर तो हक्क संपुष्टात आल्याचे मानले जाते.

२०१२ च्या सुधारणेने दोन महत्त्वाचे निर्बंध घातले. करार झाला त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्या कराराने मिळत नाहीत, असे नव्याने उद्भवलेले माध्यम करारात नेमके नमूद केलेले असेल तरच गोष्ट निराळी. दुसरा निर्बंध अधिक दूरगामी आहे. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या शब्दांच्या व चालीच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीवरील समान वाट्याचा हक्क गीतकार व संगीतकार यांना सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा वसुलीसाठी प्रताधिकार संस्थेकडे सोपवता येतो. याविरुद्ध केलेला करार शून्य ठरतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी, एकरकमी’ अशा जुन्या छापील नमुन्यावर आजही सह्या घेतल्या जातात. त्यातील एकरकमीचा भाग या बाबतीत न्यायालयात टिकत नाही.

लेबलपुढे हस्तांतरणाशिवाय परवान्याचाही पर्याय असतो. परवान्यात मालकी कलावंताकडेच राहते आणि लेबलला ठरावीक काळ प्रकाशनाचा हक्क मिळतो. भांडवल कमी असलेल्या लेबलला, आणि स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करून आणणाऱ्या गायकाला, हा मार्ग अनेकदा अधिक न्याय्य ठरतो. अशा वेळी ध्वनिमुद्रणाचा निर्माता गायकच असतो.

गायकाप्रमाणे तबला, ढोलकी, संवादिनी वा बासरी वाजवणारे वादकही कायद्याने प्रयोगकर्ते आहेत. त्यांची लेखी संमती घेण्याचे राहून जाते, कारण वादकाचे मानधन त्याच दिवशी चुकते केलेले असते. प्रयोगकर्त्याच्या हक्काची मुदत ५० वर्षे आहे. त्याला आपले नाव दिले जाण्याचा आणि आपल्या प्रयोगाच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा नैतिक हक्कही आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने गायकाच्या आवाजाची नक्कल करण्याचा प्रश्न अलीकडे उभा राहिला आहे. गायक अरिजित सिंग यांनी केलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आवाजासह त्यांच्या व्यक्तिमत्त्वहक्कांना अंतरिम संरक्षण दिले. त्यामुळे ध्वनिमुद्रित आवाजाचा असा वापर करता येईल की नाही, हे करारात स्पष्ट लिहिणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.

बालगायकांच्या बाबतीत वेगळी अडचण असते. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही आणि तिच्याशी केलेला करार शून्य असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवले. म्हणून करार पालकांशी करावा लागतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्याशी नव्याने करार करणे सुरक्षित असते.

‘आमच्याशिवाय अन्यत्र गाणार नाही’ हे अनन्यतेचे कलम कराराच्या मुदतीपुरते सामान्यतः ग्राह्य असते. मुदत संपल्यानंतरही कलावंताला बांधून ठेवणारी अट मात्र संविदा अधिनियमाच्या कलम २७ खाली शून्य ठरते. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या व्यवस्थापन करारावरील २००६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले.

जुन्या रचनांचा वापर

नवे लेबल बहुधा भक्तिगीत, भावगीत किंवा नाट्यगीत यांच्या नव्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करते. जुनी रचना म्हणजे मुक्त रचना, हा समज येथे अडचणीत आणतो. शब्द व चाल यांचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते.

संत तुकारामांचे शब्द सर्वांसाठी खुले आहेत. पण त्यांच्या अभंगांना श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चाली खुल्या नाहीत. खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले, म्हणून त्या चालींचा प्रताधिकार २०७१ अखेरपर्यंत राहील. गीतरामायणाचे शब्द ग. दि. माडगूळकर यांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे आहे. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, त्यामुळे शब्दांची मुदत २०३७ अखेर संपेल. फडके २००२ मध्ये निवर्तले, त्यामुळे संगीताची मुदत २०६२ पर्यंत चालेल. मधल्या २५ वर्षांत एकाच गीताचे शब्द मुक्त आणि चाल संरक्षित अशी स्थिती असेल. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने त्या कवितांचा प्रताधिकार २०१२ अखेर संपला. त्यांना चित्रपटांत वा अन्यत्र दिलेल्या चालींचे गणित प्रत्येक संगीतकारानुसार वेगळे आहे. परंपरागत ओव्या, भारुडे, कोळीगीते यांच्या मूळ शब्द-चालींवर कोणाचा हक्क नसला, तरी एखाद्या संगीतकाराने त्यात घातलेली नवी भर संरक्षित असू शकते. म्हणून लोकगीत कोणाच्या तोंडून वा कोणत्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतले, याची नोंद ठेवणे उपयोगी पडते.

प्रताधिकार असलेल्या गाण्याची नवी आवृत्ती, म्हणजे ‘कव्हर’, काढण्यासाठी कलम ३१ क मध्ये वैधानिक परवान्याची सोय आहे. त्याच्या अटी छोट्या लेबलला झेपण्यासारख्या नाहीत. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षाअखेरीनंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, मालक व प्रताधिकार निबंधक यांना पूर्वसूचना द्यावी लागते आणि दरवर्षी प्रत्येक कृतीच्या किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. आवरणावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र वापरता येत नाही आणि ही कव्हर आवृत्ती असल्याचे नमूद करावे लागते. ध्वनिफितींच्या काळात आधीच्या सैल तरतुदींच्या आधारे निघालेल्या ‘व्हर्शन’ गाण्यांच्या लाटेला आळा घालणे, हे या कलमामागचे एक कारण होते. प्रत्यक्षात बहुतेक लेबले मूळ हक्कधारकाकडून थेट परवाना घेतात.

प्रकाशनापूर्वीची पूर्तता

कलम ५२ अ नुसार ध्वनिमुद्रणावर व त्याच्या आवरणावर तीन गोष्टी असल्याशिवाय ते प्रकाशित करता येत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रताधिकार मालकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष अशा त्या आहेत. या नियमाचा भंग हा फौजदारी गुन्हा आहे.

प्रताधिकार कृतीच्या निर्मितीबरोबर आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही दिल्ली येथील प्रताधिकार कार्यालयातील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साहित्यकृती वा संगीतकृतीच्या नोंदणीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीला २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रत्येक गाण्याची नोंदणी परवडत नसल्यास निदान दिनांकित मूळ ध्वनिफायली, स्टुडिओच्या पावत्या आणि सह्यांचे करार जपून ठेवले जातात.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक दिला जातो. तो कायद्याने बंधनकारक नसला तरी डिजिटल मंचांवरील हिशेब त्याच्या आधारे चालतो. भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना लेबलांना हे क्रमांक देण्याचे काम पाहते. अनेक वितरकही आपल्याकडून क्रमांक देतात. वितरक बदलताना जुनाच क्रमांक कायम ठेवला नाही, तर ऐकल्या गेलेल्या संख्येचा आधीचा इतिहास तुटतो.

वितरण आणि रॉयल्टी

छोटी लेबले डिजिटल मंचांशी सहसा थेट करार करत नाहीत. मधल्या वितरकामार्फत गाणी पाठवतात. या करारात मुदत, वितरकाचा टक्का, हिशेब देण्याचा कालावधी, हिशेब तपासण्याचा अधिकार आणि करार संपल्यावर गाणी परत घेण्याची पद्धत पाहावी लागते. गाणी स्वतःच्या मालकीची असल्याची हमी लेबल देते आणि ती खोटी ठरल्यास नुकसानभरपाई लेबललाच द्यावी लागते. वादकाची न घेतलेली सही या टप्प्यावर महाग पडू शकते.

आकाशवाणी व खासगी रेडिओ यांच्यासाठी असलेला कलम ३१ ड मधील वैधानिक परवाना इंटरनेटवरील मंचांना लागू होत नाही. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे ठरवले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. त्यामुळे डिजिटल मंचांना लेबलची संमती घ्यावीच लागते.

शब्द व चाल यांची रॉयल्टी मुंबईतील इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी गोळा करते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०१७ मध्ये सुधारित कायद्याखाली पुन्हा नोंदणी मिळाली. गीतकार व संगीतकार कर्ते म्हणून, तर लेबल प्रकाशक म्हणून तिचे सभासद होऊ शकते. रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजवताना मूळ शब्द-चालींसाठीही वेगळी रॉयल्टी द्यावी लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या संस्थेच्याच दाव्यात म्हटले. गायकांसाठी ‘इस्रा’ या नावाने २०१३ मध्ये नोंदलेली संस्था पुढे वादकांनाही सामावून ‘इसम्रा’ झाली. सभासद नसलेल्या आणि गाण्यांची नोंद न केलेल्या कलावंतापर्यंत गोळा झालेली रक्कम पोहोचणे कठीण असते.

करविषयक बाबी

सेवांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. संगीत लेबलला मात्र एक अपवाद हटकून लागू होतो. संगीतकार आपल्या संगीतकृतीचा प्रताधिकार संगीत कंपनीला देतो किंवा वापरू देतो, तेव्हा त्या व्यवहारावरील कर संगीतकाराने नव्हे, तर संगीत कंपनीने उलट आकारणीने भरायचा असतो. उलट आकारणीने कर भरणाऱ्याला उलाढालीची मर्यादा न पाहता नोंदणी करावी लागते. पहिल्याच गाण्याच्या वेळी लागू होणारा हा नियम अनेक नव्या लेबलांना विवरणपत्र भरताना कळतो. कलावंतांना रॉयल्टी देताना प्राप्तिकर कायद्यानुसार स्रोतावर करकपात करावी लागते. लेखापरीक्षणाच्या मर्यादेखालील एकल मालकाला त्यातून सूट आहे.

वाद आणि उपाय

प्रताधिकारभंगाविरुद्ध मनाईहुकूम, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब मागता येतो. कलम ६२ नुसार फिर्यादीला स्वतःच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. त्यामुळे सांगली वा जळगावच्या लेबलला प्रतिवादीच्या शहरात जाण्याची गरज राहत नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे.

कलावंतालाही लेबलविरुद्ध उपाय आहेत. हस्तांतरित हक्कांचा लेबल पुरेसा वापर करत नसेल, तर कलम १९ अ खाली हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून असे अर्ज वाणिज्यिक न्यायालयापुढे जातात. कराराच्या अटी कलावंतासाठी जाचक असल्याच्या कारणावरूनही रद्द करण्याचा आदेश मिळू शकतो. पण तो हस्तांतरणाच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत देता येत नाही.